गाडी झोपत नव्हती

ही गोष्ट खरी आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात आल्याशिवाय नवऱ्याच्या तापावरही माझा विश्वास बसत नाही. भुताखेताच्या गोष्टी मला सांगू नका, असं मीच सगळ्यांना बजावायचे.

आता मीच सांगतेय.

घडलं ते माझ्या माहेरी. रविवारची संध्याकाळ होती, अजून पुरता अंधारही पडला नव्हता. पण त्याआधी गाडीबद्दल सांगायला हवं.

माझ्या दादाचं चष्म्याचं दुकान आहे. लग्न केलं नाही, व्यसन कसलं नाही, वेड एकच... गाड्या. गेल्या वर्षी त्याने एक वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. परदेशी, महागडी, दोनच सीटची. जमिनीला इतकी टेकलेली की आईने पाहताक्षणी विचारलं, "यात बसायचं की आडवं व्हायचं?"

दादा हवेत होता. पहिला आठवडाभर.

मग गाडीने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. काच आपोआप बोटभर खाली यायची. शेजारच्या सीटच्या बाजूचा एसी मनानेच गरम हवा सोडायचा. आणि दादा एकटा चालवत असला, तरी पट्टा लावा म्हणून घंटी वाजायची... शेजारच्या सीटसाठी.

वैतागून एक दिवस त्याने रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. घंटी थांबली.

दुकानापाशी उतरताना त्याचं लक्ष गेलं. रिकाम्या सीटवरचा पट्टा मागे पाठीला चिकटलेला असतो. हा नव्हता. हा वीतभर पुढे होता.

ताणलेला...

'स्प्रिंग गेली असेल' म्हणून दादाने तो विषय तिथेच संपवला. हे त्याने मला फार नंतर सांगितलं.

पण नाकीनऊ आणले ते बॅटरीने. रोज सकाळी गाडी ठप्प. नवी बॅटरी घातली, तीही उतरली. शेवटी दादाने एका इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे आणि तोही स्वतःला डॉक्टरच समजायचा.

"साहेब, या गाड्या झोपतात," तो म्हणाला. "लॉक केलं की एकेक भाग बंद होत जातो. तुमची झोपतच नाही. जागी राहते आणि बॅटरी खाते."

एकेक फ्यूज काढत, मीटरकडे बघत तो दुपारभर बसला. शेवटी त्याने शेजारच्या सीटखालची वायर काढली. मीटरवरचा आकडा झर्रकन खाली आला.

"सापडलं! सीटमध्ये सेन्सर असतो. कोणी बसलं की गाडीला कळतं. तुमच्या गाडीला वाटतंय, आत अजून कोणीतरी बसलंय. माणूस आत असताना गाडी झोपणार कशी?"

नवा सेन्सर आणला. बसवला.

गाडी तरीही जागीच.

डॉक्टरांनी गाडीच्या कंपनीला शिव्या घातल्या, चहा घेतला आणि गेले.

त्यानंतरचा तो रविवार. मी माहेरी गेले होते. गाडी धुऊन दादा अंघोळीला गेला होता. मी आणि आई स्वयंपाकघरात होतो. तिथल्या खिडकीतून गाडी दिसते. भाजी निवडता निवडता आई थांबली.

"अगं, तुझ्या दादाने कोणाला गाडीत बसवून ठेवलंय? दिवा चालू आहे आत."

"त्या गाडीचं नेहमीचंच आहे ते."

"दिव्याचं नाही म्हणत मी. माणूस बसलाय."

माझी आई अशी, की कुरियरवाल्यालाही पाणी दिल्याशिवाय सोडत नाही. मी हातातलं काम ठेवेपर्यंत ती बाहेर गेलीसुद्धा. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग आईचा.

"अहो, गाडीत काय बसलात? आत या ना!"

मग... काहीच नाही.

उत्तर नाही. पावलांचा आवाज नाही.

थोड्या वेळाने गाडीचं दार लागलं. आई घरात आली. पुढचं दार तिने सताड उघडं ठेवलं होतं.

"दादाचा मित्र दिसतोय. लाजरा आहे बिचारा," असं म्हणत ती पेल्यात पाणी ओतू लागली.

मी हॉलमध्ये गेले. कोणी नव्हतं.

बाहेर डोकावले. गाडीतही कोणी नव्हतं. आणि मी बघत असतानाच...

आतला दिवा विझला. दोन्ही बाजूंचे आरसे मिटले. खट्ट करून लॉक लागलं.

गाडी झोपली होती. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

त्या दिवसानंतर बॅटरी एकदाही उतरली नाही. दादा सांगत सुटला, "डॉक्टरला जमलं नाही ते आईच्या हाताने केलं!" आम्ही हसलो. खूप हसलो.

काही दिवसांनी मी पुन्हा माहेरी गेले, तर आई ओळखू येईना. डोळे खोल गेलेले.

"झोपच नाही गं," ती म्हणाली.

मी हॉलमधल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला गेले.

"तिथे नको," ती पटकन म्हणाली. "ती... त्यांची आहे."

मी घाबरले. ती भीती भुताची नव्हती. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, याची होती. मी स्वतः तिचं रक्त घेतलं. दादाने डोळे तपासले. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तिने सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर घडाघडा म्हणून दाखवले. वर त्या डॉक्टरांना सांगितलं, की तुमच्या शर्टाचं बटण लोंबतंय.

सगळं नॉर्मल.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं.

"आई, ते काही बोलतात का? काही करतात का?"

"छे गं. नुसते बसून असतात. आधी हॉलमध्ये बसायचे. आता रात्री माझ्या पलंगाशेजारी बसतात." मग तिने आवाज खाली आणला. "कोणी बसलेलं असताना आपण आडवं कसं व्हायचं?"

मला तो इलेक्ट्रिशियन आठवला.

माणूस आत असताना गाडी झोपणार कशी...

"मग त्यांना जा म्हण ना!"

"मीच बोलावलंय," आई म्हणाली. "बोलावलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं?"

दादाने गाडीच्या आधीच्या मालकाला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने एकच विचारलं.

"दार कोणी उघडलं?"

"आईने."

त्याने फोन ठेवला. पुन्हा कधी उचलला नाही.

दादाने गाडी विकून टाकली. ती गेली त्या दिवशी तो लहान मुलासारखा रडला. पण आईला काडीचा फरक पडला नाही. ती रोज थोडी थोडी कमी होत होती. उभी राहताना भिंत धरायची. असंच चाललं तर ती आमच्या हाताला लागणार नाही, हे मला दिसत होतं.

मी तिला माझ्या घरी न्यायचं ठरवलं. भर दुपारी, माझ्या छोट्या गाडीतून. शेजारच्या सीटवर मुद्दाम तिलाच बसवलं. मागे सामान इतकं कोंबलं की तिळभर जागा ठेवली नाही. वाटेत कसली घंटी वाजली नाही. मला वाटलं, सुटलो.

माझ्या घरी पोचलो. आई आत आली. मी दार लावायला वळले...

आईने दार धरलं.

"थांब गं. लगेच नको लावूस."

जिन्यावर कोणी नव्हतं. आईचे डोळे मिटत होते. पण ती दार धरून उभी होती.

तिला तसं बघून मला इतकं भरून आलं, की भीतीच संपली. मी तिचा हात हलकेच बाजूला केला. त्या रिकाम्या जिन्याकडे बघून म्हणाले,

"या. पण आता तुम्ही माझे पाहुणे. माझ्यापाशी बसा. आईला झोपू द्या."

आई पलंगावर टेकली आणि तिथेच झोपली. थेट दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

आता ती छान आहे. अंग धरलंय. माझ्या नवऱ्याच्या चहाला नावं ठेवते. 'त्यांच्या'बद्दल ती काही बोलत नाही आणि मीही विषय काढत नाही.

हल्ली मला झोप लागत नाही. धावपळ झाली मधे, त्यामुळे असेल.

माझ्या पलंगाशेजारी एक खुर्ची आहे. तिच्यावर मी मुद्दाम धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकून ठेवते. बसायला जागाच राहू नये म्हणून.

सकाळी कपडे घड्या करून खाली ठेवलेले असतात... आणि खुर्ची रिकामी.

नवऱ्याने ठेवले असतील. त्याला विचारायला हवं.

अजून विचारलेलं नाही.