दुधात मळलेली भाकर

पोळीवर तूप नको, चहात दूध नको, पायाचा रस्सा नको, अंडं नको, मासळी नको... अशी बाळंतीण भागीरथाबाईनं आपल्या सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात पाहिली नव्हती! पाहिली काय, कुणाच्या तोंडून ऐकलीही नव्हती. आर्वी तालुक्यातल्या गावाहून एसटी, नागपूरहून रेल्वे आणि मुंबईहून विमान असा प्रवास करून ती बहरीनला आली, ती सुनेचं बाळंतपण निगुतीनं करायला. येताना घरच्या तुपातल्या लाडवांचा डबा तिनं मांडीवर घेतला होता. विमानातल्या पोरीनं तो वर ठेवायला मागितला, तर तिलाही हात लावू दिला नव्हता. आणि इथं सून म्हणते काय? "आई, मला हे चालणार नाही."

"काहून वं? तुपाले का पाय असतात चालाले?" भागीरथाबाई कडाडली होती.

जागृतीनं वाद घातला नाही. शांतपणे, पुन्हा पुन्हा, तिनं सारं समजावून सांगितलं. श्रावस्ती तीन महिन्यांची झाली, अन् तिच्या शीतून रक्ताचे धागे यायला लागले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हिला दुधातलं बाधतं, आणि आई जे खाते ते आईच्या दुधातून हिच्या पोटात उतरतं. आणखी काय बाधत असेल ते नक्की कळत नाही, म्हणून काही महिने जनावरापासून येणारं काहीच आईनं खायचं नाही. डाळ, भात, भाकर, भाजी, शेंगदाणे, तीळ... झाडाला येतं तेवढंच. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवलेलाच होता. पण भागीरथाबाईला सहीपुरतंच लिहिता येत होतं. त्या कागदाकडं ती अशी बघे, जणू तिच्याच घरात कुणी परक्यानं येऊन फर्मान चिकटवलं होतं!

"मायच्या दुधानं लेकरू बिमार पडते? अशानं दुनिया कधीच बुडाली असती!" ती मुलाला म्हणाली. "दीप्या, तुझी बायको नागपूरची बी.ए. हाय. तिले आपल्या चुलीची लाज वाटून रायली. हे बामणी सोंग हाय, दुसरं काही नाई."

"माय, डॉक्टर म्हणते तसं करू दे तिला." धम्मदीप बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणायचा, आणि सित्राला जाणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न खाली वाजला की डबा उचलून पळायचा. मग सनाबिसच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर उरायच्या त्या दोघी, आणि अधूनमधून कळवळून रडणारी ती पिटुकली श्रावस्ती!

भागीरथाबाईच्या त्या संतापाच्या तळाशी काय होतं, हे बाहेरून पाहणाऱ्याला कसं कळावं? चौतीस वर्षांपूर्वी ती स्वतः बाळंतीण होती. नवरा शामराव गिरणीत बदली कामगार, घरात पीठ नाही, अंगात ताप. सासू मालगुजाराच्या दारात वाटीभर दूध मागायला गेली होती. ओसरीवरून उत्तर आलं, "तुमच्या लोकाले कधीपासून दूध-तूप लागू लागलं?" सासू रिकामी वाटी पदराखाली झाकून परत आली... आणि ते बारा दिवस भागीरथानं ज्वारीच्या कण्या आणि बांधावरचा पाला खाऊन काढले. त्याच खाटेवर, त्याच तापात तिनं मनाशी गाठ बांधली की माझी सून येईल ना, तेव्हा तिच्या ताटात तुपाची धार धरीन! ही गोष्ट तिनं आयुष्यात एकदाच कुणाला सांगितली होती. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात, जागृतीच्या कमरेला तेल लावताना. आणि तीच जागृती आज ताटावर आडवा हात धरत होती!

दिवसेंदिवस सुनेचे गाल बसत चालले. धड काय शिजवावं हे त्या पोरीला सुचत नसे. उकडलेला बटाटा आणि फिका भात पुढ्यात घेऊन ती एका हातानं लेकराला थोपटत कशीबशी चार घास गिळायची. भागीरथाबाईचं काळीज तुटायचं, पण तोंडातून मात्र टोमणाच निघायचा.

एका सकाळी रात्रभराच्या जागरणानं जागृतीचा डोळा लागला होता. भागीरथाबाईनं पायात चपला सरकवल्या आणि खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे किराणा दुकानातून, बोटानं दाखवून दुधाचा खोका आणला. परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, आणि पाण्याऐवजी त्यात दूध ओतलं. हात क्षणभर थबकला... पण क्षणभरच! 'आई म्हणवतो आपण, आणि पोरीला डोळ्यांदेखत वाळू द्यायचं?' असं म्हणत तिनं गोळा मळला, भाकर थापली, तव्यावर टाकली. ती टम्म फुगली.

"आई, आज भाकर किती मऊ झाली!" जागृतीनं दोन भाकरी खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी असं मन लावून जेवली ती.

"हाताले गुण असते बाप्पा," भागीरथाबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत कृतार्थतेचं पाणी तरळलं. तीन दिवस ती तशीच भाकर करत राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी श्रावस्तीनं अंगावरचं दूध भडाभडा ओकलं. मग लंगोट पाहून जागृतीनं अशी किंकाळी फोडली की शेजारची ताहेरा हातातलं लाटणं घेऊन तशीच धावत आली. लंगोट रक्तानं भरला होता! लेकराची मान एका बाजूला कलली होती, आणि रडण्याचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"चाची, रडू नका, आमचे हे घरातच हायत, गाडी काढतायत!" ताहेरा भागीरथाबाईला म्हणाली. ती श्रीवर्धनकडची, नवरा कमाल भल्या पहाटे दुकान उघडून दुपारी जेवायला घरी येई, म्हणून त्या दिवशी देवदूतासारखा भेटला. जागृती लेकराची पिशवी घ्यायला स्वयंपाकघरात गेली, तिथं कचऱ्याच्या डब्याजवळ पळभर थांबली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर आली.

इस्पितळात श्रावस्तीच्या इवल्याशा हाताला सलाईन लागलं. केरळच्या त्या डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून जागृतीकडं पाहिलं आणि विचारलं, "सच बोलो. दूध का कुछ खाया?"

जागृतीनं एकदा, फक्त एकदाच, सासूकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मग तिनं मान खाली घातली.

"हां मॅडम. मैंने खाया. तीन दिन."

धम्मदीप कंपनीच्या निळ्या डांगरीतच धावत आला, आणि सारं ऐकून बायकोवर असा तुटून पडला, जसा आठ वर्षांच्या संसारात कधीच तुटून पडला नव्हता. "जिभेवर ताबा नाही राहिला तुझा? आठ वर्षं वाट पाहिली आपण हिची, आठ वर्षं! आणि तुला चार दिवस दम निघाला नाही?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की आईला पथ्य जमत नसेल तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल. डब्यातलं, हिला न बाधणारं खास दूध मिळतं, त्यावर मूल वाढवता येईल.

"बंदच करा," धम्मदीप म्हणाला. "हिच्यावर आता माझा भरवसा नाही."

"नका हो, असं नका करू!" जागृतीचा बांध फुटला. तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले. "तुम्ही म्हणाल ते पथ्य पाळीन, नुसत्या पाण्यावर राहीन... पण तिला माझ्यापासून तोडू नका! एवढी एकच गोष्ट आहे, जी तिला फक्त मी देऊ शकते..."

आणि तरीही त्या पोरीनं सासूचं नाव घेतलं नाही!

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भागीरथाबाईच्या अंतःकरणात त्या घटकेला काय काय उसळलं असेल! गावात जिच्या शब्दापुढं सरपंचही दोनदा विचार करी, जिनं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, ती बाई आज सुनेच्या पदराआड लपली होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. पण त्या पांढऱ्या चादरीवर निपचित पडलेल्या जिवाकडं तिचं लक्ष गेलं, आणि ओठ आपोआप उघडले.

"दीप्या, तिले बोलू नको. तिनं खाल्लं नाई. मी चारलं."

"काय?"

"भाकरीचं पीठ मी दुधात मळलं. तिले न सांगता. तीन दिवस." नजर तिनं खाली घातली नाही. "लेकराले मी बिमार पाडलं. मी!"

धम्मदीप खाली बसला. मग आईकडं न पाहता म्हणाला, "माय, उद्या तुझं तिकीट बघतो."

"बघ. माझी तेवढीच लायकी हाय."

"नाही!" जागृतीनं डोळे पुसले. "आई गेल्या तर मला करून घालणार कोण? मला एकटीला ते जमत नाहीये, खरंच जमत नाहीये. मॅडम, प्लीज, मला थोडा वेळ द्या."

डॉक्टरीणबाईंनी तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. दोन दिवस मूल डब्यातल्या दुधावर राहील, मग पुन्हा आईचं. मग दोन आठवडे बघू, त्या म्हणाल्या. त्यात रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी अंगावरचं दूध कायमचं बंद.

दोन आठवडे!

घरी आल्यावर भागीरथाबाई चुलीपुढं उभी राहिली आणि एकेक डबा उघडून पाहू लागली. दूध नाही, तूप नाही, मटण नाही, अंडं नाही... मग बाळंतिणीला घालायचं काय? इतक्या वर्षांत तिच्या हाताला तुपाशिवाय फोडणीच माहीत उरली नव्हती. तेवढ्यात ताहेरा बाजारातून एक जुडी घेऊन आली.

"चाची, ही घ्या. इकडची अरब लोकं याला बरबीर बोलतात. कोवळी हाय बघा."

लालसर देठ, जाडसर इवली पानं. भागीरथाबाईनं जुडी हातात घेतली आणि ती जागीच खिळली. ही तर घोळ! तोच बांधावरचा पाला! ज्याच्या जोरावर तिनं ते बारा दिवस काढले होते, आणि ज्याला पुढं चौतीस वर्षं तिनं घराचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता. गरिबीचा, अपमानाचा पाला म्हणून... पण याच पाल्यावर, त्याच कण्यांवर तिच्या अंगावर दूध आलं होतं. त्याच दुधावर सहा फुटांचा धम्मदीप वाढला होता!

ती पाटावर बसली आणि पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडली. ताहेरानं काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग तिनं डोळे कोरडे केले आणि कामाला लागली. मुगाची डाळ धुऊन शिजत टाकली, घोळ निवडून चिरली, तेलात लसूण लाल होऊ दिला, हळद, तिखट, भाजी, वर शिजलेली डाळ. शेजारच्या पातेल्यात कण्या रटरटल्या. तव्यावर जवस भाजून लसूण-मिठाबरोबर कुटले. अर्ध्या तासात सारं तयार! जागृतीनं पहिला घास घेतला आणि मान वर करून पाहिलं.

"आई, हे इतकं सोपं होतं?"

"सोपं होतं वं. मलेच त्याची लाज वाटत होती."

पुढचे दिवस तिनं चूल कुणाला शिवू दिली नाही. कधी तुरीच्या डाळीत पालक, कधी कांद्याच्या पातीचा झुणका, कधी ताहेरानं शिकवलेल्या नारळाच्या दुधातली भोपळ्याची भाजी. चहात आलं आणि गूळ. फ्रिजवरचा कागद तिनं जागृतीकडून रोज वाचून घेतला, इतका की तो तिला पाठ झाला. लंगोट बदलायची वेळ आली की मात्र ती जीव मुठीत धरून भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघत उभी राहायची. एक दिवस स्वच्छ गेला... चार गेले... दहा गेले. धम्मदीप आईशी कामापुरतं बोलायचा. तिकिटाचं त्यानं पुन्हा काढलं नव्हतं, पण ते मनातून गेलंय असंही दिसत नव्हतं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी श्रावस्तीला तराजूत घातलं, तपासलं आणि हसून जागृतीच्या मांडीवर ठेवलं. "दूध चालू रखो. मां का ही."

घरी येताच धम्मदीपनं हातपाय धुतले, स्वयंपाकघरात आईजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "माय, मलाही कण्या वाढ. आणि तुझा व्हिसा वाढवायला पासपोर्ट लागेल, काढून ठेव."

भागीरथाबाईनं वाढलं. त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग ती जागृतीकडं वळली.

"खरं सांग. दवाखान्यात तुले माहीत होतं?"

"निघताना कचऱ्यात दुधाचा खोका दिसला होता. तीन दिवस भाकर इतकी मऊ का होती, ते तेव्हा कळलं."

"मग तोंड काहून उघडलं नाई?"

"तुमच्या बाळंतपणाची गोष्ट तुम्ही मला सांगितली होती, आई." जागृतीचे डोळे भरून आले. "मला आई नाही. तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लांबून आलात. तुम्हाला त्या सगळ्यांपुढं मान खाली घालायला लावू?... मला नाही जमलं."

भागीरथाबाईनं हातातला पळा खाली ठेवला. तिनं सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"ऐक वं पोरी. मी चुकली, ते मी सगळ्यांसमोर कबूल केलं. पण तूही चुकली. सून म्हणून तुले शंभरातून शंभर मार्क देते; पण माय म्हणून त्या दिवशी तू नापास झाली! लेकरू तिथं सुकून रायलं होतं, अन् तू सासूची अब्रू झाकत बसली. मी गप्प रायली असती, तर तिचं दूध तुटलं असतं! पुढं मी चुकली तर माझं नाव घ्यायचं. मोठ्यानं घ्यायचं. तुझ्या लेकराहून मी मोठी नाई!"