आठ मिनिटांचा कर्णधार

सामना संपल्यावर विजेत्या कर्णधाराची मुलाखत कुठे घ्यायची ते आधीच ठरलेलं असतं. मैदानाच्या कडेला चिकटपट्टीची पांढरी फुली मारतात आणि सामन्याआधी कुणाला तरी तिच्यावर कर्णधार म्हणून उभं करून कॅमेरा, दिवे, आवाज सगळं जुळवून घेतात. त्या रविवारी नेहमीचा माणूस तापानं झोपला होता, म्हणून दिवे लावणाऱ्या लंबूला सगळ्यांनी पुढे ढकललं. उंची कर्णधाराएवढी होती, बाकी पात्रता कुणी विचारली नाही.

वाहिनीसाठी मुलाखती घेणाऱ्या निवेदिकेनं सवयीनं माईक पुढे केला. "अभिनंदन. आजच्या विजयाबद्दल काय सांगाल?"

अशा वेळी लोक एक-दोन-तीन म्हणतात, नाहीतर नुसते दात काढतात. हा मात्र अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "खरं सांगू मॅडम? आमचं काही जिंकायचं ठरलं नव्हतं. त्यांचा गोलकीपर डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून चोळत बसला, आणि आम्ही... तेवढ्यात उरकून घेतलं."

ती हसली. कॅमेऱ्यासाठी हसायचं हसू वेगळं, हे आपोआप आलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. बिचारीला हसायला कारणं तरी कुठे होती? दर आठवड्याला नवं हॉटेल, खोलीत मागवलेलं जेवण, दोन खुर्च्या आणि माणूस एक. रस्त्यात अनोळखी लोक ओळखायचे, फोटो काढून घ्यायचे आणि आपल्या वाटेनं निघून जायचे. आईचा फोन यायचा, तोही कोट शोभला की नाही एवढं सांगण्यापुरता.

नेहमीच्या माणसाचा ताप उतरला, पण फुलीवर लंबूच राहिला. तिनंच तसं सांगितलं, उंचीचं कारण पुढे करून. मग दर रविवारी आठ मिनिटं तो कर्णधार व्हायचा. कधी जिंकायचा, कधी हरायचा, कधी पंचांवर रुसायचा.

"मागच्या सामन्यात तुम्ही साधी पेनल्टी चुकवलीत," ती एकदा म्हणाली.

"मॅडम, पेनल्टी समोर बघून मारायची असते. मी... कडेला बघत होतो."

"कडेला काय होतं एवढं?"

"तुम्ही होतात."

कानातल्या यंत्रातून दिग्दर्शक ओरडला, की आवाज केव्हाच जुळलाय, आता पुरे करा. तिचे गाल तापले होते आणि पुढचा प्रश्न डोक्यातून साफ उडाला होता.

पण फुलीवरून पाय काढला की हाच माणूस परका होई. चहाच्या टेबलापाशी ती मुद्दाम शेजारी जाऊन उभी राहिली, तर हा कपात बघत मान हलवायचा आणि वायरी गुंडाळायला पळायचा. घरी कोण कोण असतं, असं तिनं एकदा विचारून पाहिलं. "आई," म्हणाला, आणि कप ठेवून निघून गेला. म्हणजे ते सगळं नाटकच की काय? त्याच्या बोलण्यातला एखादा तरी शब्द त्याचा स्वतःचा असेल का, हा विचार तिला पोखरू लागला. आठ मिनिटांवर अख्खा आठवडा काढणारी मूर्ख म्हणून ती स्वतःला सुनवायची आणि पुन्हा रविवारी कोणता कोट घालू म्हणून आरशापुढे उभी राहायची.

मोसम संपत आला आणि मुख्य स्टुडिओतली खुर्ची तिला मिळाली. नऊ वर्षं तिचा त्या खुर्चीवर डोळा होता. चिखलात उभं राहून, 'बाईमाणसाला खेळातलं काय कळतं' हे हसत हसत गिळून तिनं ती कमावली होती. तिनं एका दमात होकार दिला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की तिथे खेळाडू पडद्यावरून बोलतात, फुलीवर उभं राहायला कुणीच लागत नाही.

शेवटच्या सामन्याआधी तिनं विचारलं, "कर्णधार, मोसम कसा गेला?"

त्यानं पायाखालच्या फुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्यातलं सगळ्यात चांगलं माणूस सोडून चाललंय, मॅडम. चांगल्या जागी चाललंय, आनंदच आहे. पण पुढच्या मोसमात कशासाठी यायचं... ते कळत नाही."

तिनं माईक खाली घेतला. "हे कर्णधार म्हणतोय, की तुम्ही?"

त्यानं फुलीवरून पाय काढला आणि तो दिव्याकडे निघून गेला.

मेकअपवाल्या ताईनं तिचे डोळे टिपले, पुन्हा पावडर लावली. "लंबूवर रागावू नका," ताई म्हणाली. "तो कुणाशीच बोलत नाही. सहा वर्षं बघतोय आम्ही. तुमच्याशी पहिल्यांदा बोलला ना, तेव्हा आम्हाला वाटलं याच्या अंगातच आलं."

खऱ्या कर्णधाराची मुलाखत तिनं चोख घेतली. त्यानं प्रशिक्षकाचे आणि प्रेक्षकांचे आभार मानले. मग ती तडक मागच्या फाटकापाशी गेली. लंबू दिवे पेटीत भरत होता.

"मघाचं उत्तर राहिलंय," ती म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला आणि हातातल्या वायरीकडे बघत राहिला. प्रश्न विचारून झाला की आपण गप्प बसायचं, एवढं ती या धंद्यात नक्की शिकली होती. ती थांबली. गर्दी पांगली, झाडूवाले आले, तरी थांबली.

"मीच म्हणत होतो," तो शेवटी म्हणाला. "पहिल्यापासून... सगळं मीच. असं नुसतं समोर उभं राहून मला जमत नाही. लोक एकमेकांशी बोलतात कसे, तेच मला कळत नाही."

आता तिच्याकडे पुढचा प्रश्न नव्हता. "मला फार एकटं वाटतं हो," ती म्हणाली, आणि हे आपण मोठ्यानं बोललो याचीच तिला भीती वाटली.

तो पेटीवर बसला आणि सरकून तिला जागा करून दिली. ती बसली. बाहेर तिच्या गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, पण दोघंही उठले नाहीत.

"स्टुडिओला... तुम्हाला सुट्टी कधी असेल?"

"सोमवारी." सोमवारी घर तिला खायला उठायचं, पण ते तिनं सांगितलं नाही.

"मग सोमवारी मी येऊ? म्हणजे... बोलता येईलच असं नाही."

"नका बोलू," ती म्हणाली. "नुसते या."