दुसऱ्या मजल्यावरची मालकीण

गाडी शिकवणाऱ्या बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे त्यांच्याकडे शिकून गेलेला कुणीही सांगायचा. बावीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबून दाबून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाले, फार तर आणखी तीन वर्षं. म्हणून बाईंनी शहराच्या कडेला, एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गुडघा थांबला तरी भाडं येत राहील, इतका साधा विचार.

"तुझ्या स्वभावाला हे झेपायचं नाही," दादा म्हणाला होता. "भाडेकरूनं नळ गळतोय म्हटलं, तर तू त्याचाच गळा धरशील."

बाईंनी त्याला खोटं पाडायचंच ठरवलं. न्हाणीघरातली गळती बंद केली, वायरी बदलल्या, भिंतींना फिकट रंग दिला. दलालानं पहिली भाडेकरू आणली ती इस्पितळातली नर्स. रात्रपाळी करायची, दिवसा झोपायची. आवाज नाही, पाहुणेरावळे नाहीत. बाई खूश होत्या.

तिसऱ्या आठवड्यात नर्सचा फोन आला.

"मॅडम, घर तुमचं आहे, मान्य. पण न सांगता येत जाऊ नका. मी पाळीहून येऊन झोपलेली असते."

"मी कधी आले?"

"काल अकरा वाजता. परवाही."

काल अकरा वाजता बाई बाजाराच्या चौकात एका कारकुनाला गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. तसं त्यांनी सांगितलं. जरा चढ्या आवाजातच.

नर्सचा आवाज मात्र चढला नाही. "तुम्ही किल्लीनं दार उघडून आलात. मी चहा विचारला. तुम्ही बोलला नाहीत. आतल्या खोलीत जाऊन भिंतीवरून हात फिरवत राहिलात. मला वाटलं, रंग नीट बसलाय का बघताय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटारडी म्हणाल्या, आणखीही बरंच म्हणाल्या. महिना संपताच नर्स घर सोडून गेली. बाईंनी तडकाफडकी कुलूप बदललं. कुणीतरी जुन्या किल्लीचा नमुना काढला असणार, दुसरं काय? नव्या कुलपाच्या दोनच किल्ल्या होत्या. एक भाडेकरूला, दुसरी बाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

दुसरे भाडेकरू म्हणजे एक वयस्क शिंपी. एकटेच होते. खिडकीपाशी मशीन मांडून कपडे दुरुस्त करायचे. सहा आठवडे गेले, तक्रार नाही. बाईंनी दादाला मुद्दाम फोन करून ते ऐकवलं. मग शिंपीकाकांनाही सहज फोन केला.

"घर उत्तम आहे, बाई. आणि तुम्ही रोज येता, त्यामुळे सोबत होते."

बाईंनी गळ्यातला दोरा चाचपला. किल्ली होती.

"आधी नुसत्या बसायचात. आता बोलता," काका हसत म्हणाले. "रागीट आहात, पण मनानं चांगल्या. फक्त एक विचारायचं राहतंय. तुम्ही जाता कधी, ते मला कळतच नाही."

त्याच दुपारी बाई दलालाच्या कचेरीत थडकल्या. दार पुरतं ढकलायच्या आधीच सुरुवात केली. "माझ्यासारखी दिसणारी कोण बाई उभी केलीय तुम्ही? मला जेरीस आणून घर परत स्वस्तात घ्यायचंय का? पोलिसांत जाईन."

दलाल एरवी बोलून समोरच्याला गुंडाळणारा माणूस. आज तो टेबलावरची धूळ बोटानं पुसत बसला होता.

"आधीचे मालक पुरुष होते, मॅडम. चांगले सहा फुटी. त्यांच्याही भाडेकरूंचं हेच म्हणणं होतं. मालक रोज येतात म्हणून."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"काय सांगणार होतो? मालकाच्या घरात मालक येतो, हे?"

"कुठं असतात ते?"

"माहीत नाही. घर विकल्यावर एकदा इथं आले होते. त्या खुर्चीत बसले होते बराच वेळ." त्यानं बोटावरची धूळ झटकली. "फार शांत झाले होते. मी आधी ओळखलंच नाही त्यांना."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि खुर्चीवरही चिडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे तास रद्द केले. इमारतीच्या पायऱ्या चढताना गुडघ्यातून कळा येत होत्या, आणि प्रत्येक पायरीला राग एकेक माप वाढत होता. ही जी कोण असेल तिच्या झिंज्या धरून वरात काढायची, हे पक्कं होतं.

दारापाशी, उंबऱ्याच्या उजव्या अंगाला, कॅनव्हासचे बूट काढून ठेवलेले होते. मातकट रंगाचे. उजव्याचा तळवा पुढून झिजलेला, जिथं ब्रेक दाबला जातो तिथंच.

बाईंच्या पायात तसलेच होते.

सापडली, त्या मनात म्हणाल्या. घरात बूट घालून यायचं नाही, अशी अट त्यांनीच करारात घातली होती. त्यांनी आपले बूट डाव्या अंगाला काढले आणि बेल दाबली.

दार साखळीपुरतं उघडलं. शिंपीकाकांनी चष्मा कपाळावर सारला.

"कोण हवंय?"

"काका, मी आहे."

"आपण कोण?"

"मी मालकीण. घर माझं आहे."

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. उन्हातून आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, जरा कणवेनं.

"मालकीणबाई आत आहेत," ते म्हणाले. "विचारतो."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. शेवटाला धार असलेला, बावीस वर्षं गाडीत घुमलेला.

"न सांगता आलेल्या कुणालाही आत घ्यायचं नाही. किती वेळा सांगू, काका?"

"माफ करा हं," काका कुजबुजले. दार लागलं.

बाईंनी दारावर थाप मारायला हात उचलला.

थाप मारायला राग लागतो. त्यांनी तो शोधला. छातीत, घशात, जिथं तो कायम असायचा तिथं. काहीच नव्हतं. झाडून काढलेल्या खोलीसारखं सगळं मोकळं होतं.

हात आपोआप खाली आला.

त्या वळल्या. उजव्या बाजूच्या बुटात चुकून पाय गेला. आतून ऊब होती, कुणी नुकतेच काढल्यासारखी.

मग त्यांनी डाव्या बाजूला, आत्ता मिनिटापूर्वी काढलेल्या स्वतःच्या बुटात पाय घातला. बूट गारठलेला होता. आत बोटांशी धुळीचा थर होता.