हेल्मीसाठी धरलेला उजेड

दीक्षा, तो दिवा राहू दे. मिहिर, फोन खाली ठेव. तुझ्याच वयाच्या मुलाची गोष्ट आहे.

अवधूत माझ्यासोबत इथेच, मॉसन लेक्सच्या युनिटमध्ये राहायचा. दिवसा युनीत शिकायचा, संध्याकाळी एज्ड केअरची शिफ्ट, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल. तेवीस जून, दोन हजार तेवीस. शुक्रवार. ऑस्ट्रेलियातला जून, म्हणजे थंडीचे दिवस, सहालाच काळोख पडलेला. हेल्मी नावाच्या शहाऐंशी वर्षांच्या बाईंना जेवण आणि गोळ्या द्यायला तो नेहमीसारखा लार्ग्ज बेला गेला. बाई एकट्या. घर समुद्राला लागून.

बाई मूळच्या एस्टोनियाच्या. कोळ्यांचं छोटंसं गाव. उथळ समुद्र, त्यात हत्तीएवढे धोंडे, मागे पाइनचं जंगल. जूनमध्ये तिथे धड रात्र होतच नाही, आणि तेवीस तारखेला सगळ्या किनाऱ्यावर शेकोट्या पेटतात. चव्वेचाळीस साली रशियन सैन्य येतंय म्हणून अर्धं गाव होड्यांतून स्वीडनला पळालं. बाई तेव्हा सात वर्षांच्या. वडिलांनी मायलेकींना होडीत बसवलं आणि स्वतः म्हाताऱ्या आईसाठी मागे राहिले. लेकीला म्हणाले, शेकोटीच्या रात्रीपर्यंत येतो, किनाऱ्यावर उजेड धर.

आले नाहीत. सैन्याने गावातल्या होड्या जाळल्या, किनाऱ्याला तारेचं कुंपण घातलं. बाई पुढे ऑस्ट्रेलियात आल्या. दर तेवीस जूनला कंदील घेऊन इथल्या समुद्रावर उभ्या राहायच्या. त्या वर्षी पाय चालेनात. त्यांनी अवधूतचा हात धरला.

"माझ्याऐवजी तू जा. पाचच मिनिटं."

म्हातारीचं मन कशाला मोडा? नो वरीज म्हणाला. त्यांना निजवलं, दार लोटलं, आणि वाळूत उतरून फोनचा टॉर्च लावला.

वारा नव्हता. लांब जेटीचे दिवे होते. मग तेही दिसेनात.

धुराचा वास आला.

मग वल्ही... छप. बराच वेळ काही नाही. छप...

होडी दिसली नाही. पण गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता. टॉर्च थेट त्याच्या तोंडावर. तरी चेहरा दिसेना.

"हेल्मी?"

अवधूतचा हात वर गेला... घराकडे.

हेच तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा. काका, मी बोट दाखवलं.

माणूस त्याच्या शेजारून गेला. अवधूतला मागे वळून बघवेना. किती वेळ गेला... ठाऊक नाही. जेटीचे दिवे परत दिसले, तेव्हा तो पळत सुटला.

बाई पलंगावरच होत्या. पांघरूण नीट. डोळे उघडे.

डॉक्टरने हार्ट अटॅक लिहिलं. अवधूतने ते काम सोडलं, समुद्रही सोडला. आईलासुद्धा त्याने यातलं काही सांगितलं नाही.

पण अँब्युलन्सची वाट बघताना त्याने खाली पाहिलं होतं. दारापासून पलंगापर्यंत ओल्या बुटांचे ठसे. पलंगापासून दारापर्यंत तेच बूट, परत जाणारे.

आणि त्यांना लागून... अनवाणी... एवढीएवढीशी पावलं.