जांभळ्या नळीतला छर्रा

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ, वळणावर, मी एका अनोळखी मुलाच्या गाडीपुढे हात आडवे करून उभी राहिले, तेव्हा त्याला वाटलं मी वर्गणी मागतेय.

"पावती नंतर घेतो हं," काच खाली करत तो म्हणाला.

"इंजिन बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण..."

"खालून ठक-ठक येतंय, ऐकू येत नाही? बेअरिंग गेलंय. अजून चारशे मीटर चालवलीत तर इंजिन बसेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मेथीच्या जुडीकडे पाहिलं आणि हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. मी रागात होते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केलं... म्हणजे, प्रयत्न केला.

"चारशे मीटरवर पेट्रोलपंप आहे. तिथे बघतो," म्हणून तो निघाला. पंपापर्यंत काही पोचला नाही.

मी चालत चालत तिथवर गेले, तर स्वारी बॉनेट उघडून धुराकडे बघत उभी.

"तुम्ही नक्की कोण?" त्याने विचारलं.

"यशोधरा. उल्हासनगरला सुदामकाकांच्या गॅरेजमध्ये इंजिनं बसवते. टो करायला नंबर देऊ?"

त्याचं नाव प्रीतम. राहायला बदलापूरला, कात्रपला. नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, रबरी नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. नळ्या दाबाखाली फुटतात का, हे तपासायचं त्याचं काम. गाडी मात्र त्याच्या मालिनीआत्याची होती. अठ्ठावन्न वर्षांच्या या बाईंना देवधर्माइतकीच वेगाची आवड. दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या गॅरेजात हजर.

"मना जपानवाला इंजिन पायजे, दोन टर्बोचा," त्यांनी सुदामकाकांना सांगितलं. "आन् ई पोरगीच बसवल. हिनी निस्ता ऐकून वलखलान."

सुदामकाकांनी मला बाजूला घेतलं. "यशू, हे तुझं पहिलं अख्खं इंजिन. बाईंच्या मैत्रिणीची गाडीपण लाइनमध्ये आहे. ही कंप्लेंटशिवाय गेली तर तीपण तुझी. परत आली तर मग तू आणि ऑइल चेंज. बोल."

"मंजूर," मी म्हटलं. तीन वर्षं मी ऑइलच बदलत होते. मला ती दुसरी गाडी हवीच होती.

या इंजिनाची गंमत अशी की त्याचे दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे पंखे, एकदम काम करत नाहीत. सुरुवातीला एकटा पहिला ओढतो. इंजिनाचे फेरे मिनिटाला साडेचार हजारांवर गेले की दुसरा मदतीला येतो. त्याने कधी यायचं, हे पेन्सिलीएवढ्या बारीक नळ्या हवेच्या दाबावर ठरवतात. अशा नळ्या डझनांनी, सगळ्या काळ्या, सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. एक चुकली तर दुसरा टर्बो झोपून राहतो. म्हणून मी प्रत्येक नळीच्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका देते. कुठली कुठे जाते, ते रंगावरून कळतं.

नव्या नळ्या प्रीतम आणायचा, दर शनिवारी चार वाजता. एकदम आणल्या असत्या तर एका शनिवारात काम झालं असतं. पण तो दर खेपेला दोन-तीनच आणायचा, सोबत गरम वडे.

"एवढे रंग?" बाटल्या बघून एकदा त्याने विचारलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, मी गाडीखाली होते.

"बाजारातल्या दुकानदाराला वाटतं, मी फार नटवी आहे."

"आणि नखांना काय लावता?"

"ग्रीस."

"शोभतं."

गाडीखाली असल्याचा एक फायदा असतो. तोंड कुणाला दिसत नाही.

"ही जांभळी कुठली?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"दुसऱ्या टर्बोला उठवणारी. ती चुकली तर संपलं सगळं. हात लावू नका."

"नाही लावत... तू म्हणालीस तर."

तुम्हीचं तू असं झालं. मीही मग हट्टाने तूच म्हणू लागले.

अकराव्या शनिवारी गाडी तयार होऊन गेली. दुसरा टर्बो असा जागा झाला की मालिनीआत्या मागच्या सीटवर टाळ्या पिटत होत्या. "मग... झालं काम," प्रीतम जाताना एवढंच म्हणाला. पुढच्या शनिवारी चार वाजता मी तीनदा गेटकडे बघितलं आणि तिन्ही वेळा स्वतःला शिव्या घातल्या.

त्यानंतरच्या शनिवारी बरोबर चारला गाडी दारात. कबूल करते, आधी मला आनंद झाला. मग प्रीतम म्हणाला, "दुसरा टर्बो येत नाहीये," आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

सुदामकाका ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "मैत्रिणीची गाडी राजेंद्र करेल," एवढं म्हणून, टायर बसवणाऱ्या राजेंद्रकडे बोट दाखवून ते आत गेले. प्रीतम तेव्हा फोनवर आत्यांना बोलावत होता. त्याने ते ऐकलं नाही.

मी एकेक नळी तपासली. ठिपके जागच्या जागी. जांभळी काढली, फुंकर मारली... हवा जाईना. नळी उभी धरून दाबत दाबत आले, तर आतून तळहातावर एक छर्रा पडला. बेअरिंगमधला, वाटाण्याहून लहान, चकचकीत. नळीचं तोंड बंद करून दाब तपासायला कोणत्या कारखान्यात छर्रे वापरतात, हे मला सांगायची गरज नव्हती.

मी हात त्याच्यापुढे धरला. तो कानापर्यंत लाल झाला.

"शनिवारी यायला... कारणच उरलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणून माझं इंजिन बिघडवलंस? सगळा भार पहिल्या टर्बोवर येतो, कळतं तुला?"

"हळूच चालवत आणली, यशू. कात्रपहून इथपर्यंत. मला वाटलं तू दहा मिनिटांत शोधशील, हसशील आणि..."

"पुढचं इंजिन गेलं माझं. परत आली तर ऑइल चेंज, असं ठरलं होतं."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं आता हा गाडी घेऊन पळणार. तेवढ्यात रिक्षातून मालिनीआत्या उतरल्या, आणि तो सरळ गॅरेजच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"सुदामकाका! हिच्या कामात काही चूक नाही. नळीत छर्रा मी घातला."

सगळ्यांच्या हातातले पाने थांबले. राजेंद्र टायर सोडून उभा राहिला.

"का?" सुदामकाकांनी विचारलं.

"हिला भेटायला यायचं होतं. दुसरं काही सुचलं नाही."

आत्यांनी त्याचा कान धरला. "ढोरा! तोंड दिलाय देवानी, तो काय वडे खायाला? चावी दे इकरं. आजपासून माजी गारी ई पोरगीच चालवल."

सगळं गॅरेज हसलं. सुदामकाकासुद्धा. "राजेंद्र, तू टायरच बघ," ते म्हणाले. "यशू, सोमवारी ती दुसरी गाडी येतेय. तयारीला लाग."

मी नवी नळी लावली, जांभळा ठिपका दिला. ट्रायलला मी चालवायला, प्रीतम शेजारी, आत्या मागे. बदलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत माझी नजर फक्त समोर होती.

"अजून राग आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"किती?"

"मागच्या शनिवारी आला नाहीस, त्याचा जास्त आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. खळी हळूहळू परत आली. मी खिशातून छर्रा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने छर्र्यासकट माझी ग्रीसची बोटं धरून ठेवली, आणि मी ती सोडवली नाहीत.

"शनिवारी यायला कारण हवंय ना तुला?" मी म्हटलं. "मी आहे की."

"झाला का बोलून?" मागून आत्या म्हणाल्या. "त्याचा हात सोर, गिअर टाक, आन् दाब आता!"

मी हात सोडवला, गिअर टाकला आणि दाबला.