रिकाम्या फाईलचं ठिकाण

कोपरखैरण्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे बॅनर, गेलेल्या माणसांचे हाराचे फोटो. आमच्याकडच्या गावांत माणसाचा हसरा फोटो बहुतेक कुणाच्या तरी हळदीतलाच असतो. मी गालावरची हळद पुसते, हातातला ग्लास काढते, खांद्यावरचा शेजाऱ्याचा पंजा खोडते आणि मागे निळा रंग भरते.

बोनकोड्याचा धर्मराज धाकट्या भावाचा असाच फोटो घेऊन आला. मिथुन इथून तासाभरावरच्या द्रोणागिरीला एका गोदामाच्या बांधकामावर सुपरवायझर होता. पावसाळ्याआधी कामावर गेला तो परतलाच नाही. ठेकेदार म्हणतो, काम सोडून गेला.

"किती वाट बघायची, स्नेहल? हाराचा फोटो बनव. एकदाचं संपू दे."

मागे त्याची आई उभी होती. मालतीबाई. "कोन बोलला तो नाय म्हनून? फोटो बनव. हार मी घालू देनार नाय."

धर्मराज निघून गेला. त्या बसून राहिल्या.

मिथुनला कापलं. नव्या, कोऱ्या फाईलवर चिकटवलं. बाजूला फाईलची माहिती उघडी होती. सेव्ह.

ठिकाण: द्रोणागिरी.

हे चूक आहे. मूळ फोटो बोनकोड्यातला, त्याच्या माहितीतही बोनकोडेच. कोरी फाईल कुठलीच नसते. कापलेल्या माणसाबरोबर जागा यायलाच नको. आणायची तर विचारून आणि खरी. पुसलं. सेव्ह.

ठिकाण: द्रोणागिरी.

पुसलं. सेव्ह. द्रोणागिरी.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला.

"मॅडम, मूळ फोटोचं लोकेशन येत असेल."

"मूळ बोनकोड्याचं आहे."

"मग तुमच्या कॉम्प्युटरचं."

"कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आहे. तो द्रोणागिरीला जात नाही."

"तुम्ही पुसून बघितलं का?"

मी फोन आपटला. बायका चेहरा झाकून नेटवर फोटो टाकतात आणि फाईलच्या आत घराची जागा तशीच राहते, ती पुसायचं यांना सुचत नाही. आणि जिथे जागाच नाही तिथे हे स्वतःच्या मनाने जागा लिहिणार! कुणाला विचारून?

मालतीबाई स्क्रीनवर ठिकाणाखाली उघडलेल्या नकाशावरचा ठिपका बघत होत्या. "गोदामच हाय ना?"

गोदामच होतं.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी फोटोकडे नीट पाहिलंही नाही. "हा एडिट केलेला आहे."

"ठिकाण मी घातलेलं नाही."

"मग कोणी घातलं?"

मी मोबाईलवरचा ठिपका त्यांच्यासमोर धरला.

"कापाकापी तुम्हीच केलीत, मॅडम. उद्या ठिकाण चंद्र दाखवाल."

हवालदार हसला. "आजी, येईल पोरगा. गेला असेल दुबईला."

"पासपोट घरी हाय त्याचा," मालतीबाई म्हणाल्या. हवालदाराचं हसू गेलं. तक्रार तरीही घेतली नाही.

रागाच्या भरात मी रिक्षा द्रोणागिरीला घ्यायला लावली. गोदाम सुरू झालेलं. खोक्यांच्या छतापर्यंत थप्प्या, ताज्या रंगाचा वास, फोर्कलिफ्टचा गरगर फिरणारा पिवळा दिवा. वॉचमन म्हणाला, दोन मिनिटं. मोबाईल धरून आम्ही बरोबर ठिपक्यावर उभ्या राहिलो. मोबाईलवर जागेची समुद्रसपाटीपासून उंची: चार मीटर. पायाखाली आरशासारखी सिमेंटची फरशी. एकही भेग नाही.

मालतीबाईंनी चपला काढल्या. अनवाणी पाय फरशीवर टेकवले.

"फरशी ऊन हाय," त्या म्हणाल्या.

मी हात टेकवला. मला गार लागली.

परत स्टुडिओत. फाईलची माहिती पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली.

उंची: उणे तीन मीटर.

"जमिनीखालून फोटो कोण काढतं?" मी स्क्रीनवर ओरडले. पुसलं. सेव्ह.

उणे एक.

माझा हात थांबला.

"परत कर," मालतीबाई म्हणाल्या.

"काकी, नको."

"कर."

एक.

"कर, पोरी."

चार. गोदामाच्या फरशीइतकी.

मालतीबाई उठल्या. पदर सावरला.

"मी घरी जाते. दाराला कुलूप लावून आलीय. तो आला तर?"