गॅस नसलेल्या घरातला वास

कुणाला पटवून द्यायला मी बसलेली नाही. खोटं वाटत असेल त्यांनी इथेच थांबावं. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात घडलंय, नवव्या मजल्यावर, मागच्या थंडीत, एका मंगळवारी संध्याकाळी. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं म्हणणाऱ्यांनी ते घर बघितलेलं नाही.

ताईचा नवरा विजेच्या सामानाच्या दुकानात आहे. आम्ही त्याला करंट म्हणतो. घरातून गॅस हद्दपार करायचा, हे त्याचं जुनं खूळ. पण सासूबाई होत्या तोवर त्याची डाळ शिजली नाही.

“पेटलंय की विझलंय, ते डोळ्यांना दिसायला नको?” असं म्हणून त्या विषयच मिटवायच्या.

त्या गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

महिना उलटतो न उलटतो तोच करंटने गॅसचा मीटर परत केला. कंपनीचा माणूस येऊन पाइप कायमचा बंद करून गेला. मग काचेची इलेक्ट्रिक शेगडी आली, ओव्हन आला, दाराला नवं कुलूप आलं. सगळं बटणावर.

त्या संध्याकाळी घरात फक्त ताई आणि तिचे सासरे होते. पक्षाघातानंतर ते अंथरुणाला खिळलेत, कूस बदलायलाही त्यांना ताई लागते. ती त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठली.

आणि पॅसेजमध्येच थबकली.

गॅसचा वास...

आधी तिला हसूच आलं. घरात गॅस नाही तर वास कुठून येणार? शेजारचा असेल. पण दोन पावलं पुढे टाकली तसा तो नाकातोंडात भरला.

मग स्वयंपाकघराच्या बंद दाराआडून ऐकू आलं...

स्स्स्स...

बर्नर उघडा राहिला की येतो, अगदी तोच आवाज.

ताईचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला होता. चटका बसल्यासारखा तिने तो मागे घेतला. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी हे तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. वास आला की कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. एक ठिणगी पुरते.

आणि आता त्या घरात बटणाशिवाय होतं काय?

बाहेरचं दारसुद्धा आतून बटणानेच उघडायचं. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. तिने खोल्यांच्या खिडक्या उघडल्या, खाली हाका मारल्या. नवव्या मजल्यावरची हाक कोण ऐकतंय? वास तसूभरही कमी होईना.

एकटी असती तर तिने डोळे मिटून दाराचं बटण दाबलंही असतं. पण आत सासरे होते. आपल्या एका बोटाने त्यांचा जीव जाईल, या विचारानेच ती दारापासून मागे फिरली. ती त्यांच्या उशाशी जाऊन बसली.

“काय गं?” त्यांनी अडखळत विचारलं.

“काही नाही बाबा. पडून राहा.”

बाहेर अंधारून आलं. दिवा लावायची सोय नव्हती.

आणि मग...

टक्.

गॅसचा लायटर.

टक्... टक्...

तो लायटर तिने स्वतःच्या हाताने जुन्या शेगडीसोबत भंगारात दिला होता. आत कुणीतरी तो दाबत होतं. पेटत नव्हतं म्हणून पुन्हा दाबत होतं. कसलीही घाई नव्हती.

दर आवाजाला ताई सासऱ्यांच्या अंगावर ओणवी होत होती. मध्येच तिच्या लक्षात आलं... करंटची यायची वेळ झाली. तो आला की बेल दाबणार.

ती दाराशी धावली. फटीला तोंड लावून सांगत राहिली, “बेल दाबू नकोस... ऐकतोयस ना? बेल दाबू नकोस रे...”

बाहेर चिडीचूप.

मग कुलूप वाजलं. तिने डोळे गच्च मिटले.

दार उघडून करंट आत आला आणि त्याने भिंतीवरचं बटण दाबलं. ताई किंचाळली.

दिवा लागला. एवढंच.

वास नाही. आवाज नाही. शेगडीची काच थंडगार.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला मशीन घेऊन आला, त्यालाही काही सापडलं नाही. दमलीय बिचारी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. करंट मात्र चकार शब्द बोलला नाही. एरवी बायकोची खेचायची एक संधी सोडत नाही हा माणूस. मला ते खटकलं.

परवा मी त्याला गाठलंच.

“मी बेल वाजवली होती,” तो म्हणाला. “बऱ्याचदा.”

ताईला ती एकदाही ऐकू आली नव्हती.

“मग कुलूप लगेच का नाही उघडलंस?”

त्याने आजूबाजूला बघितलं. आवाज खाली आणला.

“आतून उत्तर आलं ना. ‘आले रे, गॅस बंद करून येते...’”

“ताई म्हणाली?”

“आई.”

मी जवळ सरकले.

“आणि मी थांबलो,” तो म्हणाला. “नेहमीसारखा. हातात पिशवी धरून. किती वेळ उभा होतो कोण जाणे... मग आठवलं.”

हे ताईला सांगायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातलीय. तो दिवसभर दुकानात असतो.

काल तिचा फोन आला होता. म्हणाली, वास परत आला नाही गं, आता बरं वाटतंय. मी नुसतं हं म्हटलं. सासऱ्यांना सोडून ती कुठे जाणार आहे?